पुन्हा या

दुकान टाकलं तेव्हा हातात उरले अठरा हजार.
फ्रीज आला होता, कपाटं आली होती,
डी. फार्मचं सर्टिफिकेट काचेत बसलं होतं.
गिऱ्हाईक तेवढं यायचं राहिलं होतं.

केबलवाला इरफान म्हणाला,
पिक्चरच्या खाली पट्टी फिरवतो, दिवसाला वीस वेळा.
मी घरी बसून पाहिली:
हिरॉईन मरायला टेकलेली
आणि तिच्या पायाखालून माझं नाव पळत गेलं,
सर्व प्रकारची औषधे मिळतील.
तिला काही उपयोग झाला नाही.

रिक्षा लावून बघितली. भोंग्यात आवाज माझाच,
दुसरा आवाज दोनशे रुपये जास्त मागत होता.
बिदर रोड ते मोंढा, मोंढा ते किल्ला.
आपलाच आवाज गल्लीच्या तोंडाशी आलेला ऐकला
आणि शटरच्या आड सरकलो.
साडीचा सेल असता तर ओरडता आलं असतं.
औषधाचं काय ओरडायचं?
या हो या, आजारी पडा?

भाचा म्हणाला, मामा, फ्लेक्स.
चौकात तीन दिवस हसत उभा राहिलो,
चौथ्या दिवशी माझ्यावर एका पुढाऱ्याचा वाढदिवस चढला.
दसऱ्याच्या सुमाराला मोंढ्यात दिसलो,
सोयाबीनच्या ढिगावर,
दाण्यांना तोंड लावून, पालथा.

उरलं पॅम्प्लेट. पाच हजार, गुलाबी कागद,
पेपरात घालून वाटायचे.
वैजनाथअप्पांच्या प्रेसमध्ये
कुण्या कापडदुकानाचा मजकूर तसाच पडून होता.
त्यांनी नाव बदललं, पत्ता बदलला,
शेवटची ओळ राहिली.
मला दिसली नाही. महादेवीलाही नाही.
दिसली मैनोद्दीनचाचांना.
शुगरच्या गोळ्या न्यायला आले होते,
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"दवा के दुकान पे 'पुन्हा या' लिखते क्या बाबा?"
हसले. मग खोकले. मग हसले नाहीत.

त्या रात्री शटर अर्धं ओढून बसलो,
पेनानं ती ओळ खोडत.
शंभरेक झाल्यावर महादेवी म्हणाली, हात मोडला माझा,
आणि एक कागद उलटा करून तिनं पुडी दुमडली,
बापाच्या किराणा दुकानात दुमडायची तशी.
पाठ कोरी. तिच्यावर मी लिहायला लागलो:
सकाळी एक, रात्री एक.
तांड्यावरची जमनी राठोड म्हणाली,
वाचता कुणाला येतंय, दादा?
मग सूर्य काढला. मग चंद्र.
जेवल्यावर घ्यायची असेल तर शेजारी भाकरी.
ती चंद्रासारखीच दिसायची,
म्हणून तिच्यावर एक मिरची ठेवली.

संक्रांतीपर्यंत लोक विचारत यायला लागले,
चांदवालं मेडिकल कुठं हाय ओ?
बोर्डावर संगमेश्वर लिहिलंय,
साडेनऊ हजारांचा बोर्ड, रात्री आतून पेटतो.
त्या नावानं अजून कुणी आलं नाही.

परवा इरफान परत आला,
यंदा पट्टी वर घेतो म्हणाला, हिरोच्या डोक्यावरून.
मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही,
कारण जमनी आली होती,
पदराच्या गाठीतून पुडी सोडत,
चार घड्या, मिरची पुसून गेलेली.
सासूचा खोकला बसला का?
हाव, बसला. पण डॉक्टर म्हणले, अजून एक महिना.
पैसे मोजले, गोळ्या घेतल्या,
पायरी उतरताना वळून म्हणाली,
येते, दादा.

'या' ओठांपर्यंत आलं होतं.
मी गल्ल्यातले सुटे परत एकदा मोजले.

पुडीच्या आतल्या अंगाला, गोळ्यांच्या बाजूला,
ती ओळ अजून आहे.
पाच हजारांतल्या सतराशे उरल्यात.